डावा तीन, उजवा सहा

अंबरनाथ (पूर्व),
१२ जून १९८८

चि. बकुळास अनेक आशीर्वाद.

तुझं खुशालीचं पत्र येऊन दीड महिना झाला आणि मी उत्तर पाठवलं नाही, याबद्दल आधीच कान पकडतो. तुझ्या मामीचा दमा यंदा लवकर उसळला आहे. तिला एकटी टाकून मला कोपऱ्यावर तपकीर आणायलासुद्धा जाववत नाही. अंबरनाथ-बदलापूर एका स्टेशनाचं अंतर. पण तुला पुलाचा जिना चढवत नाही आणि मला घर सोडवत नाही, म्हणून आपण मामा-भाची पोस्टखात्याला पोसतो आहोत.

आज लिहायचं कारण मात्र वेगळं आहे. परवा मालिनीचं कार्ड आलं. तुझी वहिनी स्वतःहून कधी दोन ओळी लिहीत नाही, त्यामुळे कार्ड पाहूनच काळजी वाटली. तिने लिहिलं आहे की, वन्सं सरकारी पैशांतून रिक्षा करून उल्हासनगरला जातात आणि एका वेळी चपलांचे दोन-दोन जोड घेऊन येतात. तीन वर्षं हेच चाललं आहे. तुम्ही मोठे आहात, चार शब्द सांगा.

बकुळा, मी तर चक्रावलोच. माणसाला पाय दोन. एक जोड पायांत घातल्यावर दुसरा काय हातांत घालतेस? शिवाय गेली अकरा वर्षं दर दिवाळीला मी तुझ्यासाठी चांगल्या दुकानातून चपला आणतोच आहे. त्यांचं काय होतं?

हे अनुदान मिळावं म्हणून मी दीड वर्ष कचेरीचे उंबरठे झिजवले, ते तुला ठाऊक आहे. तुझी आई गेल्यावर तुझ्या हातात तुझं म्हणून काही असावं, एवढीच माझी इच्छा होती. ‘अर्जदार अपंग व निराधार असून’ या ओळीखाली शिफारशीची सही माझी आहे. उद्या कोणी विचारलं की निराधार बाई दोन-दोन जोड चपला कशी घेते, तर मी काय सांगू?

मला एक सुचतं. यापुढे महिन्याचे साठ रुपये शशिकांतच्या नावाने यावेत आणि त्याने तुला लागेल तसे द्यावेत. तो तुझा सख्खा भाऊ आहे, काही गिळून टाकणार नाही. तुझं काय म्हणणं आहे ते उलटटपाली कळव. मी रागावलेलो नाही. मला फक्त कळत नाही.

तुझा,
विष्णुमामा

---

बदलापूर,
२० जून १९८८

तीर्थरूप मामांस बकुळाचा नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. मामींना आल्याचा काढा देता ना? गूळ जास्त घालू नका, तुमचा हात सढळ आहे.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं की, एक जोड जायला आणि एक यायला.

मामा, वहिनीने विचारलं तर मी समजू शकते. तिच्यामागे संसार आहे, दोन मुलांच्या फिया आहेत, तिला सगळीकडे पैसे सांडताना दिसतात. पण तुम्ही विचारावं? मी चार वर्षांची असताना त्या तापात मला खांद्यावर टाकून कल्याणच्या दवाखान्यात तुम्हीच धावला होता, असं आई शेवटपर्यंत सांगायची. त्या तापाने माझ्या पायाचं काय केलं ते तुम्हांला मी नव्याने सांगायचं का? इतकी वर्षं चिंधीवर भागलं, तर पुढेही भागेल, असं तुमचं म्हणणं असेल तर तसं स्पष्ट लिहा. दोन पाय आणि दोन हात अशी गणितं घालू नका. वाचून मला वाईट वाटलं.

आणि मनीऑर्डरचं म्हणाल तर ती माझ्याच नावाने येऊ दे. घरात मी मुलांची आत्या, वहिनीची वन्सं, दादाची बकू. महिन्यातून एकदा रामभाऊ पोस्टमन फाटकातून ‘बकुळा रामचंद्र देवस्थळी’ अशी खणखणीत हाक मारतो. मला दारापर्यंत यायला वेळ लागतो हे त्याला माहीत आहे, तरी तो पैसे दुसऱ्या कोणाकडे देत नाही, उभा राहतो. मी सही करते. तेवढ्या एका सहीसाठी मी महिनाभर थांबते, असं म्हटलं तरी चालेल. ती माझ्याकडून काढून घेऊ नका.

आपली,
बकुळा

---

अंबरनाथ,
२ जुलै १९८८

चि. बकुळास आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. एकदा मामीला वाचून दाखवलं. ती नुसती ‘तिचं खरं आहे’ म्हणाली, पण मला काही उमगलं नाही.

एक जोड जायला आणि एक यायला म्हणजे काय? चिंधी कसली? तुझ्या पायाचं मला ठाऊक आहेच, तू लंगडतेस, काठी घेतेस, जिना चढवत नाही. त्याचा दोन जोडांशी संबंध काय? लंगडणाऱ्या माणसाच्या चपला उलट कमी झिजायला हव्यात. सरकारी कारखान्याच्या स्टोअरमध्ये तीस वर्षं काढली मी. एकाच माणसाच्या मागणीपत्रावर एका वेळी दोन नग दिसले की मी विचारायचोच, आणि दरवेळी त्यात काहीतरी पाणी मुरलेलं निघायचं.

शेजारच्या दिनानाथरावांना नाव न सांगता हे प्रकरण ऐकवलं. ते जुने वकील. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, “विष्णुपंत, दुसरा जोड घालणारं दुसरं माणूस असणार. सरळ आहे.” बकुळा, तेव्हापासून मला चैन नाही. कोण आहे ते माणूस? कोणी तुझ्या गरीब स्वभावाचा फायदा घेतं आहे का? शशिकांतला ऑफिसात फोन केला, तर तो “तिचं ती बघते, मामा” म्हणाला आणि त्याने ठेवून दिला. तुमच्या घरात कोणी कोणाचं काही बघतं की नाही, हेच मला कळेनासं झालं आहे.

आठ दिवसांत नीट खुलासा आला नाही, तर मला कचेरीला लिहावं लागेल. शिफारस माझी आहे, जबाबदारीही माझीच.

विष्णुमामा

---

बदलापूर,
९ जुलै १९८८

ती. मामांस नमस्कार.

कार्डावरच लिहिते आहे, म्हणजे वहिनीलाही वाचता येईल आणि तिचा त्रास वाचेल.

दुसरा जोड अजून कोणाच्याही पायात गेलेला नाही. आईच्या लोखंडी पेटीत असे पाच जोड कागदात गुंडाळून ठेवले आहेत. ते घालू शकेल असं माणूस जगात कुठेतरी असणारच, याबद्दल मला खात्री आहे. देवळाबाहेर, दवाखान्यात, कचेरीच्या रांगेत, जिथे जाते तिथे शोधत असते. सापडलं की प्रथम तुम्हांलाच कळवीन. मग पैसे वाया गेल्याचं दुःख कोणालाच उरणार नाही.

कचेरीला लिहायचं तर लिहा. माझ्याकडे आणखी खुलासा नाही.

बकुळा

---

अंबरनाथ,
२५ जुलै १९८८

चि. बकुळास आशीर्वाद.

तुझं कार्ड वाचून मामीच्या डोळ्यांत पाणी आलं. असं होतं तर आधी का बोलली नाहीस, बाळ? लग्नाचा विचार मनात आणणं हा काही गुन्हा नाही. छत्तीस हे वयही काही फार नव्हे. तुझी आई असती तर तिने हे तुझ्या तोंडाकडे बघून ओळखलं असतं. मला पेटीतल्या चपला मोजाव्या लागल्या, हा माझा करंटेपणा.

पण मन अजून गोंधळलेलंच आहे. नवऱ्या मुलासाठी लोक अंगठी करून ठेवतात, कापड घेऊन ठेवतात. चपला आधीपासून घेऊन ठेवल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. मालिनीच्या कार्डात तर बायकी चपला असं म्हटलं आहे. मग त्या कोणासाठी? होणाऱ्या सासूसाठी की नणंदेसाठी? मामी म्हणते, तिला विचारून भंडावू नका. दिनानाथराव म्हणतात, आता तर जास्तच जपायला हवं.

तेव्हा रागावू नकोस. तू लिहिलंस त्याप्रमाणे मी कचेरीला पत्र घातलं आहे. तक्रार अजिबात नाही. एवढंच लिहिलं की, लाभार्थी भोळ्या स्वभावाची असून रकमेचा विनियोग नीट होतो की नाही याबद्दल शंका आहे, तरी चौकशी होईपर्यंत रक्कम भावाच्या मार्फत द्यावी. चौकशी काय, पंधरा दिवसांत होईल. तोवर कोणी भला माणूस नजरेत असेल तर मला नाव-गाव कळव. मी स्वतः जाऊन बोलणी करतो.

तुझा,
विष्णुमामा

---

बदलापूर,
४ ऑक्टोबर १९८८

ती. मामांस,

दोन महिने मी पत्र लिहिलं नाही, कारण मला राग आला होता. आता राग थोडा निवला आहे आणि एक गोष्ट नव्याने कळली आहे, म्हणून लिहिते.

ऑगस्टपासून मनीऑर्डर आली नाही. माझ्या नावाने नाही आणि दादाच्या नावानेही नाही. रामभाऊ सायकल थांबवून मान हलवतो आणि पुढे जातो. सप्टेंबरात मी दादाला घेऊन कचेरीत गेले. तिथल्या साहेबांनी फाइल काढली आणि म्हणाले, “बाई, तुमच्या मामांचाच अर्ज आहे. चौकशी चालू आहे. तोवर कोणालाच पैसे नाहीत.” मी तुमचं अक्षर पाहिलं. ‘भोळ्या स्वभावाची’ हे शब्द तुमच्या वळणदार अक्षरात फार सुंदर दिसत होते.

मधल्या काळात डाव्या चपलेचा पट्टा तुटला. दुसरी घ्यायला पैसे नव्हते. दादाकडे मागवेनात, कारण वहिनी समोर होती. म्हणून तुमच्या दिवाळीच्या चपला काढल्या, पूर्वीसारखी डाव्या चपलेत चिंधी कोंबली आणि मागच्या पायरीवर पडले. गुडघा सुजला, तीन आठवडे घरात होते. तुम्हांला कळवू नका, असं मीच दादाला सांगितलं.

परवा रविवारी वहिनी गुडघ्याला लेप लावत होती. मी चिडून म्हटलं, मामांना सगळं माहीत असून त्यांनी असं करावं? वहिनीचा हात थांबला. ती म्हणाली, “वन्सं, मामांना माहीत आहे, असं कोणी सांगितलं तुम्हांला? दर वर्षी एकाच मापाच्या चपला आणतात ते. मला वाटायचं, तुम्हीच कधीतरी बोलल्या असाल.” मी म्हटलं, मला वाटायचं, आई बोलली असेल.

मामा, तुम्हांला खरोखरच माहीत नाही का?

मग आता ऐका. त्या तापानंतर माझा डावा पाय वाढायचा थांबला. नुसता लुळा नाही पडला, लहानच राहिला. डाव्या पायाला तीन नंबर लागतो आणि उजव्याला सहा. लुगडं घोट्याखाली असतं, म्हणून दिसत नाही, आणि दिसू नये असंच मी बसते. तुम्ही आणता त्या चपला सहा नंबरच्या. उजवी छान बसते. डावी होडीसारखी होते. अनुदान येईपर्यंत आठ वर्षं मी तिच्यात चिंधी, कापूस, कधी भाच्याचा फाटका मोजा कोंबून चालले. तुम्ही दिवाळीला समोर बसून विचारता, बसल्या का गं चांगल्या? आणि मी हो म्हणते. तुम्हांला इतका आनंद झालेला असतो की दुसरं काही म्हणवत नाही.

अनुदान सुरू झालं तेव्हा पहिले दोन महिने मी पैशांना हात लावला नाही. मग उल्हासनगरला गेले. तिथे हासारामशेठ म्हणून एक सिंधी म्हातारे आहेत. त्यांनी माझे पाय लाकडी मापावर ठेवले, दोन वेगळे आकडे वाचले आणि दोन पेट्या काढून पुढे ठेवल्या. तोंडावरची रेघही हलली नाही. मी विचारलं, एका पेटीतली एक आणि दुसरीतली एक द्याल का? ते म्हणाले, “बेटी, जोडी तोडने से दुकान की बरकत जाती है. बाकी जोडी मैं किसको पहनाऊँ?” त्यांचंही खरं आहे. म्हणून दरवेळी दोन जोड घ्यावे लागतात; ‘एक जायला आणि एक यायला’ हे मी नुसतं रागाने लिहिलं होतं. तीनमधली डावी घालते, सहामधली उजवी घालते. उरलेली डावी सहा आणि उजवी तीन पेटीत जातात. माझ्या उलट पाय असलेली एखादी बाई सापडली तर ते पाच जोड तिला द्यायचे आहेत. तुम्ही तिचा माझा नवरा केलात. मी चिडलेली होते, तरी त्या दिवशी हसले.

त्या दिवशी दुकानातून बाहेर आले ती न थांबता चालत गेले. हासारामशेठच्या दुकानापासून कापडबाजाराच्या कोपऱ्यापर्यंत. फार नाही, शंभरेक पावलं असतील. पण चिंधी सरकते का, याच्याकडे लक्ष न देता एकोणतीस-तीस वर्षांत पहिल्यांदाच चालले. रिक्षावाला मागून हाका मारत होता.

हे सगळं मी तुम्हांला आनंदाने सांगितलं असतं, मामा. तुम्ही आधी खुलासा मागितलात, म्हणून तोंड उघडलं नाही. आता पैसे अडले आहेत, म्हणून लिहावं लागलं, याचंच वाईट वाटतं.

बकुळा

---

अंबरनाथ,
१९ ऑक्टोबर १९८८

चि. बकुळा,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, पण देतो.

मला माहीत नव्हतं. तुला खांद्यावर घेऊन धावलो ते खरं. पण तेव्हा तू चादरीत गुंडाळलेली होतीस आणि मी तुझ्या तोंडाकडे बघत होतो, श्वास चालू आहे की नाही ते. त्यानंतरही तोंडाकडेच बघत आलो. तिशीतल्या भाचीच्या पायांकडे मामाने बघायचं नसतं, एवढंच मला कळत होतं. मामीला विचारलं, तर तीही म्हणाली, मला वाटलं तुम्हांला माहीत असेल आणि चपला दुरुस्त करून आणत असाल. आमच्या सगळ्या नात्यात एकमेकांना माहीत असेल असं समजण्याचा रोगच आहे. मला फार लाज वाटली. तू पडलीस हे वाचलं तेव्हा तर दिवसभर अन्न गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मामीपाशी शेजारच्या बनूबाईंना बसवलं आणि कचेरी गाठली. साहेब जेवायला गेले होते. व्हरांड्यात जांभूळ गावची एक शेतकरी बाई भिंतीला टेकून बसली होती. भागीरथीबाई. कंबरेपासून अधू. तिला पुतण्याने बैलगाडीतून आणि पुढे टेम्पोतून आणलेलं. तिलाही हेच अनुदान मिळतं. मी आधी, तुझ्यासाठी म्हणून, तिच्या पायांकडे बघितलं. दोन्ही सारखेच होते. ती म्हणाली, “काय बगतस, भाऊ?” मी ओशाळलो. सावरून घ्यायला विचारलं, बाई, चपला नाही घेत का या पैशांतून? अनवाणी बसला आहात म्हणून विचारलं. तर तिने मला उत्तर दिलं ते तसंच लिहितो.

“पाय चालत नाय म्हनून सरकार पैसं देतंय. मंग ते पायालाच कशाला घालू? जिभंला घालतंय.”

दर महिन्याला पैसे आले की ती बदलापूरच्या बाजारात टेम्पोने येते, हलवायाच्या बाकावर बसून पावशेर जिलबी खाते, बाजार बघते आणि घरी जाते. उरलेले सुनेच्या हातावर ठेवते. मी मनात म्हटलं, सरकारी पैशांची जिलबी? आणि लगेच मला माझंच हसू आलं. बकुळा, माझ्या पेन्शनीतून गेली चार वर्षं मी कोडी-स्पर्धेच्या प्रवेशिका भरतो आहे. दर आठवड्याला. एकदा थर्मास मिळाला, बाकी काही नाही. मामीलासुद्धा हे माहीत नाही. कोणी मला आजवर विचारलेलं नाही की, विष्णुपंत, पेन्शनीचा विनियोग नीट करता ना? विचारलं असतं तर मी त्याला दारातून बाहेर काढला असता.

साहेब आले. मी अर्ज मागे घेतो म्हटलं. त्यांनी एक छापील कागद पुढे केला. ‘लाभार्थी मिळालेल्या रकमेचा योग्य कारणासाठी विनियोग करीत असल्याबद्दल माझी खात्री पटली आहे.’ याखाली सही करा, पुढच्या महिन्यापासून पैसे चालू. मी पेन उघडलं. दोन जोड चपला हे योग्य कारण आहे, हे आता मला कळलं होतं. सही सहज करता आली असती. पण मला वाटलं, आज चपला म्हणून खात्री पटली, उद्या तू जिलबी खाल्लीस तर माझी खात्री पुन्हा सुटणार का? तेव्हा मी ती ओळ खोडली आणि वर लिहिलं, ‘लाभार्थी रक्कम कशावर खर्च करते हे विचारण्याचा मला अधिकार नाही. मी विचारले ही माझी चूक. रक्कम तिची आहे व तिच्याच हातात द्यावी.’

साहेब बुचकळ्यात पडले. असं कोणी लिहीत नाही, म्हणाले. मी म्हटलं, मीही आज पहिल्यांदाच लिहिलं आहे. संध्याकाळी पाचपर्यंत बाकावर बसून राहिलो, तेव्हा कुठे त्यांनी शिक्का मारला. नोव्हेंबरपासून तुझ्या नावाने मनीऑर्डर येईल, मागची थकबाकीही येईल.

तुला क्षमा करता आली तर कर. मी तुला खुलासा मागणार नाही.

विष्णुमामा

---

अंबरनाथ,
५ नोव्हेंबर १९८८

चि. बकुळास दिवाळीचे आशीर्वाद.

मामीला पुन्हा धाप लागते आहे, त्यामुळे यंदा पाडव्याला येता येणार नाही. शशिकांत इथे आला आहे. त्याच्याबरोबर ही पेटी पाठवतो आहे. यंदाही चपलाच आहेत. पण या वेळी चूक नाही.

काल मी स्वतः हासारामशेठकडे गेलो होतो. दोन तास वाद घातला. त्यांची बरकत आणि माझी तीस वर्षांची स्टोअरकीपरी समोरासमोर उभी ठाकली. शेवटी दीड जोडाच्या किमतीत त्यांनी जोडी फोडली. म्हणाले, “साईं, तुमने मेरा धरम बिगाडा.” पण चहा पाजला.

माप चुकू नये म्हणून मी घरून कागदावर आकृती काढून नेली होती. तू दर दिवाळीला बसतेस तशी समोर खुर्चीवर बसली आहेस असं डोळ्यांपुढे आणलं. माझ्या डाव्या हाताला कुठला पाय, उजव्या हाताला कुठला, ते नीट मांडलं, आकडे घातले आणि त्याप्रमाणे एकेक चप्पल उचलली. आता एकही चप्पल पेटीत पडायला नको. बसल्या की नाही ते लिही. या वेळी खरं लिही.

विष्णुमामा

---

बदलापूर,
१८ नोव्हेंबर १९८८

तीर्थरूप मामांस बकुळाचा साष्टांग नमस्कार.

खरं लिहा म्हणालात, म्हणून खरं लिहिते.

पाडव्याला सकाळी ओवाळून झाल्यावर पेटी उघडली. डावा पाय घातला तर आत पोहायला लागला. उजवा घालायला गेले तर अंगठाच आत जाईना. मी दोन्ही चपला हातात धरून बसले. आधी कळेचना. मग तुमचं पत्र पुन्हा वाचलं आणि मोठ्याने हसायला लागले, तशी वहिनी फराळाच्या पिठाने माखलेल्या हातांनीच धावत आली. मामा, मी तुमच्यासमोर बसले की माझा डावा पाय तुमच्या उजव्या हाताला येतो. तुम्ही काळजीपूर्वक आकृती काढलीत आणि काळजीपूर्वक उलट्या चपला आणल्यात. माझ्या पेटीत आधीच असे पाच जोड होते, तो सहावा झाला. वहिनी म्हणाली, आता मामांना कोणी सांगायचं? मी म्हटलं, मीच सांगणार. या घरात पुन्हा माहीत असेल असं कोणी समजायचं नाही.

बारा तारखेला रामभाऊ आला. पूर्ण नावाने हाक मारली. मला अजून गुडघ्यामुळे वेळ लागतो. तो उभा राहिला. तीन महिन्यांचे थकलेले आणि या महिन्याचे पैसे मी सही करून घेतले.

हसून झाल्यावर संध्याकाळी माझ्या लक्षात एक गोष्ट आली होती, आणि पैसे येईपर्यंत मी ती कोणाला बोलले नव्हते. हासारामशेठनी जोडी फोडली, तुम्ही डावी सहा आणि उजवी तीन घेऊन आलात. मग दुकानात काय उरलं?

मंगळवारी रिक्षा करून गेले. मी दारात दिसताच शेठनी खिळ्याला दोरीने बांधलेल्या दोन चपला काढल्या आणि माझ्यापुढे ठेवल्या. म्हणाले, “किसी को दिखाई भी नहीं. जिसकी है वो आएगी, मालूम था.” डावी तीन, उजवी सहा. मामा, मी तिथेच बाकावर बसून रडले. या चपला बसतात म्हणून नाही, त्या तर तीन वर्षं बसतच होत्या. आजवर मी दुकानात जाऊन माझं माप सांगायचे आणि दोन पेट्या विकत घेऊन माझा जोड जुळवायचे. त्या दिवशी पहिल्यांदा एका दुकानात माझ्या मापाचा जोड तयार होता, माझी वाट बघत खिळ्याला लटकला होता. तो तुमच्या चुकीने तिथे राहिला. उरलेले अर्ध्या जोडाचे पैसे मी माझ्या मनीऑर्डरमधून दिले आणि कापडबाजाराच्या कोपऱ्यापर्यंत चालत गेले.

बाकीचे पैसे कशावर खर्च केले ते लिहीत नाही. जांभूळच्या भागीरथीबाई कधी भेटल्या तर त्यांना एवढं सांगा की, थोडे मीही जिभेला घातले. मामींना काढा देत राहा, आणि कोड्यांचं त्यांना सांगून टाका, त्यांना बहुतेक माहीतच असेल.

पुढच्या दिवाळीला मला काय आणायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, मीही विचारणार नाही. पण चपला आणल्यात तर अशाच आकृती काढून आणा.

आपली,
बकुळा